नृसिंह, गिटार आणि सीआरओ

'हेवी मेटल' म्हटलं की आपल्यातल्या निम्म्यांना मटेरियल सायन्सचा पेपर आठवतो आणि उरलेले कानावर हात ठेवतात. माझा रूममेट दुसऱ्या गटातला नाही. तो इंदापूर तालुक्यातला, कुलदैवत नीरा-नृसिंहपूरचा लक्ष्मी-नृसिंह, आणि हातात कायम गिटार. एका रात्री मी त्याला हेडफोनवर एक गाणं ऐकवलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आयला, हा तर खांब फोडून बाहेर आलेला नृसिंहच की!"

बरोबर ओळखलं होतं त्याने. गाणं नृसिंहावरचंच होतं. मुंबईच्या 'डेमॉनिक रेझरेक्शन' या बँडचा 'दशावतार' हा अल्बम 2017 साली आला. दहा अवतार, दहा गाणी. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "असलं रेकॉर्ड करायला मुंबईतच जन्माला यायला पाहिजे. बारामतीत काय आहे?" त्याने स्वतः तीन चाली बांधल्यात, पण त्या रूमच्या बाहेर कधी गेल्या नाहीत. हा लेख खरं तर त्याच्यासाठीच आहे.

या बँडचा गिटारिस्ट आणि गायक म्हणजे साहिल माखिजा, टोपणनाव 'डेमनस्टीलर'. त्याने 2000 साली मुंबईत बँड काढला. तेव्हा मुंबईत स्टुडिओ भरपूर होते, पण ते सिनेमाच्या गाण्यांचे आणि जाहिरातींचे. गुरगुरत गायलेलं संगीत विकायला मोठी कंपनी कशाला पुढे येईल? मग साहिल रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग शिकला, स्वतःचं 'डेमनस्टीलर रेकॉर्ड्स' हे लेबल काढलं आणि दुसऱ्या बँडचे अल्बमही त्यावर आणले. म्हणजे आधी गिटारिस्ट आणि मग हौस म्हणून प्रोड्युसर, असं झालं नाही. प्रोड्युसर झाला म्हणून गिटारिस्ट टिकला.

आता प्रोड्युसर नक्की करतो काय? इथे आपला सिलॅबस कामाला येतो.

गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल अगदी छोटा, मिलिव्होल्टमध्ये मोजायचा. तो अँप्लिफायरला झेपणार नाही इतका वाढवला की लाटेचे शेंडे कापले जातात. लॅबमध्ये आपण डायोडचं क्लिपर सर्किट करतो ना, तेच. सीआरओवर गोल साइन वेव्ह चपटी होत स्क्वेअर वेव्हसारखी दिसायला लागते. अशा लाटेत मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट हार्मोनिक्स येतात. तोच तो करकरीत आवाज, म्हणजे डिस्टॉर्शन.

क्लिपिंगची आणखी एक गंमत आहे. दोन स्वर एकत्र दिले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येते. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्झची. तिच्याबरोबर तिचा पंचम, म्हणजे सुमारे 123 हर्ट्झ, वाजवला तर फरक येतो 41. बरोबर एक सप्तक खाली! न वाजवलेला खर्ज आपोआप मिळतो. म्हणूनच मेटलवाले सा आणि प या दोनच स्वरांचा 'पॉवर कॉर्ड' इतका वापरतात. त्यात गंधार घातला तर या बेरजा-वजाबाक्यांचा चिखल होतो.

हा सगळा आवाज सांभाळणं हे प्रोड्युसरचं काम. तो एकच तुकडा दोनदा वाजवून घेतो आणि एक डाव्या, एक उजव्या स्पीकरला देतो. दोन्ही वेळी हात किंचित वेगळा पडतो, त्यामुळे आवाज भिंतीसारखा रुंद वाटतो. मग गिटारचा अगदी खालचा भाग फिल्टरने कापतो, कारण तिथे बास गिटार आणि ड्रमला जागा लागते. एकटी गिटार ऐकली तर पातळ वाटते, सगळ्यांत मिसळली की भारी.

अशा घरच्या कारभाराचं पुढे काय झालं? 2010 साली 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात बँडला 'ग्लोबल मेटल' पुरस्कार मिळाला. 2014 साली ते जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवात वाजवून आले. साहिलच्या 2016 च्या सोलो अल्बमवर ड्रम वाजवले ते ग्रीसच्या जॉर्ज कोलियास याने. पण म्हणून कोणी असं समजू नये की पैशांचा पाऊस पडला. भारतात मेटलचा श्रोता थोडाच. साहिलने यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' हा स्वयंपाकाचा कार्यक्रमही चालवला. कला एका हाताने आणि कढई दुसऱ्या हाताने!

सांगायचा मुद्दा असा, की मुंबईतही त्याच्यासाठी कोणी तयार वाट ठेवली नव्हती. मग पुणे शंभर किलोमीटर लांब आहे, ही आपली सबब किती दिवस चालणार?

परीक्षा संपल्यावर आम्ही रूममध्येच लॅपटॉप मांडला आणि खिडकीला गोधड्या टांगल्या. पहिल्या टेकमध्ये गिटारपेक्षा मेन्सचा पन्नास हर्ट्झचा घूं आवाजच जास्त. मग कळलं की दोन उलट्या कॉइलचा हंबकर पिकअप कशासाठी असतो. दोघींत शिरलेला घूं एकमेकींना मारतो, तारांचा आवाज मात्र शिल्लक राहतो. मित्राकडून तशी गिटार मागून आणली. सातव्या टेकला चाल बऱ्यापैकी उतरली.

हेडफोन काढून रूममेट म्हणाला, "नृसिंह काही झाला नाही रे."

मी म्हटलं, "मत्स्य तरी झाला ना? पहिला अवतार तोच असतो."