रणजी जिंकून आयपीएलचा संघ मिळत नाही

लीगमध्ये संघाला जागा देण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत जागा खेळून मिळवायची असते: खालच्या गटात अव्वल येणारा वर जातो, वरच्या गटात तळाला राहणारा खाली येतो. दुसरीत जागा परवान्याने मिळते: मालकाची ऐपत, मैदान आणि कारभार पाहून संघटना ठरावीक संघांना प्रवेश देते. मग तक्त्यात शेवटचा आलेला संघही पुढच्या हंगामात तिथेच असतो. भारतीय क्रिकेटमध्ये एकाच मंडळाच्या दोन स्पर्धा या दोन वेगळ्या रीतींनी चालतात. रणजी करंडकात बढती आणि घसरण आहे, आयपीएलमध्ये फ्रँचायझी आहेत.

मुख्य गैरसमज : विदर्भाने तीनदा रणजी जिंकला, तरी नागपूरला आयपीएलचा संघ दिला नाही.

आयपीएलचा हंगाम आला की नागपुरात ही तक्रार हमखास ऐकू येते. तिच्यातला अभिमान रास्त आहे, तर्क मात्र साफ चुकीचा आहे. आयपीएलचा संघ कोणाला ‘दिला’ जात नाही, तो विकत घेतला जातो. मंडळ निविदा काढते, पात्र शहरांची यादी ठरवते, आर्थिक अटी पूर्ण करणारे उद्योगसमूह बोली लावतात आणि त्या यादीतले शहर निवडतात. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दोन नवे संघ विकले गेले. आरपीएसजी समूहाने लखनौसाठी ७,०९० कोटी रुपये मोजले, सीव्हीसी कॅपिटलने अहमदाबादसाठी ५,६२५ कोटी. त्या दिवशी विदर्भाच्या नावावर दोन रणजी विजेतेपदे होती. उत्तर प्रदेश आणि गुजरात यांच्या नावावर प्रत्येकी एक. रणजीचे यश हा निकष असता तर निकाल वेगळा लागला असता. पण तो निकष नव्हताच, आणि पूर्वीच्या विक्रीतही कधी नव्हता.

आयपीएलमध्ये खेळातल्या यशाने जागा मिळत नाही, तशी अपयशाने जातही नाही. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. रायझिंग पुणे सुपरजायंट संघ २०१७ चा अंतिम सामना मुंबई इंडियन्सकडून अवघ्या एका धावेने हरला, आणि त्यानंतर तो संघ पुन्हा मैदानात दिसला नाही. त्याचा करार दोनच हंगामांचा होता. उलट मुंबई इंडियन्स २०२२ मध्ये दहा संघांत दहावा आला, २०२४ मध्ये पुन्हा दहावा आला, तरी त्याच्या जागेला धक्का लागला नाही. उपविजेता बाहेर जातो आणि शेवटचा आत राहतो, हे परवाना पद्धतीत नियमाला धरूनच आहे. तिथे जागा टिकते ती करारावर, गुणांवर नाही.

रणजीचे गणित याच्या उलट आहे. विदर्भ १९५७-५८ पासून या स्पर्धेत खेळतो. २००२-०३ मध्ये जुनी विभागीय रचना मोडून एलिट आणि प्लेट असे दोन स्तर आले, तेव्हा विदर्भाने प्लेट गटातही अनेक हंगाम काढले. पहिले विजेतेपद मिळायला १ जानेवारी २०१८ उजाडला. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर फैज फजलच्या संघाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच सामन्यातली. पुढच्या हंगामात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध ७८ धावांनी विजय मिळाला. तिसरा करंडक मार्च २०२५ मध्ये जामठ्यातच आला. केरळविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला आणि ३७९ विरुद्ध ३४२ या पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. ही तिन्ही विजेतेपदे कोणत्याही बोलीने मिळणारी नव्हती. त्यांची किंमत आयपीएलच्या मापाने मोजणे म्हणजे विदर्भाच्या खेळाडूंवर अन्याय करणे होय.

तरीही रणजीचे दार सर्वांना उघडे आहे असे नाही. नागपुरात गुजदर लीग जिंकणारा क्लब कितीही बलाढ्य असला तरी रणजीत उतरू शकत नाही. त्याचे खेळाडू विदर्भाच्या संघात निवडले जातात, एवढेच. रणजीत उतरायला मंडळाची मान्यता लागते, आणि बढती-घसरण चालते ती मान्यता असलेल्या संघांमध्येच. उत्तराखंडचे उदाहरण पाहावे. मान्यतेचा प्रश्न वर्षानुवर्षे अडल्यामुळे या राज्याला २०१८-१९ पर्यंत रणजीत स्वतःचा संघ नव्हता. प्रवेश मिळाला त्याच हंगामात तो प्लेट गटात पहिला आला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत पोचला. तो सामना विदर्भाविरुद्ध जामठ्यात झाला. वसीम जाफरने द्विशतक झळकावले आणि विदर्भ डावाने जिंकला. उत्तराखंडला स्पर्धेत आणले ते मान्यतेने, उपांत्यपूर्व फेरीत नेले ते खेळाने.

इतर गैरसमज

*प्लेट गटात घसरलेला संघ संपतो.* राजस्थानने २०१०-११ मध्ये प्लेट गटातून येऊन करंडकच जिंकला. हैदराबाद २०२३-२४ मध्ये प्लेट गटात होता आणि तो गट जिंकून लगेच वर आला. गोव्याने २०२४-२५ मध्ये तेच केले. त्या हंगामात पर्वरीच्या मैदानावर कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचलविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी रचली.

*परवाना मिळाला की कायमची सोय झाली.* आयपीएलमधले कोची टस्कर्स केरळ, डेक्कन चार्जर्स आणि पुणे वॉरियर्स हे संघ पैशांच्या हमीवरून किंवा कराराच्या वादात बाद झाले.

*सामने मिळाले म्हणजे संघ मिळेल.* २०१० मध्ये डेक्कन चार्जर्सचे काही ‘घरचे’ सामने नागपुरात झाले, कारण तेलंगण आंदोलनामुळे हैदराबादेत ते घेता येत नव्हते. मैदान भाड्याने देणे वेगळे आणि फ्रँचायझी असणे वेगळे.

*बढती-घसरण असली की परवाना लागत नाही.* फुटबॉलच्या आय-लीगमध्ये दोन्ही होते. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी पूर्ण न केल्याने २०१३ मध्ये मुंबईचे एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ त्या लीगमधून वगळले गेले.

*एकदा एक रीत स्वीकारली की ती बदलत नाही.* इंग्लंडच्या रग्बी लीगमधल्या सुपर लीगने २००९ ते २०१४ परवाने दिले, २०१५ पासून बढती-घसरण परत आणली, आणि २०२५ च्या हंगामापासून प्रेक्षकसंख्या, आर्थिक स्थिती, स्टेडियम आणि खेळातली कामगिरी यांना एकत्र गुण देऊन संघ निवडायला सुरुवात केली. भारतीय फुटबॉलही बदलला: बंदिस्त असलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये आय-लीग जिंकून वर येणारा पहिला क्लब २०२३ मध्ये पंजाबचा ठरला.

आयपीएलने मात्र असे दार अजून उघडलेले नाही. ते उघडेपर्यंत नागपूरच्या संघाचा मार्ग मंडळाची नवी निविदा आणि नागपूरसाठी पैसे लावणारा मालक यांतूनच जातो. मागणी करायचीच, तर ती या दोघांकडे करावी. विदर्भाच्या संघाने आपले काम तीनदा चोख केले आहे.