पैसे देऊन घेतलेला सिनेमा पेन ड्राइव्हवर घेता येतो का? कायदा काय सांगतो आणि टीव्हीवर फाइल का चालत नाही?

सुट्टीत गावी निघताना मोबाइलमध्ये दोन-तीन सिनेमे डाउनलोड करून ठेवणं आता सवयीचं झालंय. अडचण येते ती गावी पोहोचल्यावर. तोच सिनेमा सगळ्यांनी मिळून टीव्हीवर बघायचा ठरतो, पण घरात वायफाय नसतं आणि मोबाइलची रेंज अंगणात गेल्यावरच येते. टीव्हीच्या मागे पेन ड्राइव्ह लावायची सोय असते, पेन ड्राइव्हही असतो. मग डाउनलोड केलेला सिनेमा त्यावर का टाकता येत नाही? पैसे तर भरलेले असतात!

याचं उत्तर एका साध्या प्रश्नात आहे: पैसे नेमके कशाचे भरले होते? सिनेमाच्या प्रतीचे की सिनेमा बघण्याच्या परवानगीचे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पेन ड्राइव्हवर काय जाऊ शकतं आणि काय नाही, हे त्यावरच ठरतं.

ॲपमधलं 'डाउनलोड' म्हणजे काय?

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ किंवा यूट्यूबच्या ॲपमध्ये 'डाउनलोड' दाबलं की सिनेमा मोबाइलमध्ये येतो खरा, पण कुलूप लावून. या कुलपाला डीआरएम म्हणतात. अँड्रॉइड फोनवर साधारणपणे गुगलची 'वाइडवाइन' ही यंत्रणा वापरली जाते. सिनेमाचा डेटा गुप्त संकेतात बदललेला असतो आणि तो उलगडण्याची किल्ली फक्त त्या ॲपला, त्या फोनवर आणि ठरलेल्या मुदतीपुरती मिळते.

त्यामुळे ती फाइल शोधून पेन ड्राइव्हवर टाकली, तरी टीव्हीला त्यातलं काहीच कळत नाही. नेटफ्लिक्समध्ये मेमरी कार्डवर डाउनलोड करायची सोय आहे, पण ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर सिनेमा चालत नाही. काही सिनेमे तर एकदा सुरू केले की ४८ तासांत संपवावे लागतात.

सेट-टॉप बॉक्सवरच्या रेकॉर्डिंगचंही बहुतेक वेळा असंच असतं. पेन ड्राइव्ह लावून कार्यक्रम रेकॉर्ड करता येतो, पण तो त्याच बॉक्सवर दिसतो. बॉक्स बदलला की रेकॉर्डिंग निकामी.

'बाय' बटण दाबून घेतलेला सिनेमाही आपला नसतो?

बहुतेक वेळा नसतो. वर्गणी भरली की काय मिळतं याची लोकांना कल्पना असते; वर्गणी थांबली की सिनेमा बंद. पण एखादा सिनेमा वेगळे पैसे देऊन 'विकत' घेतला तरी हाती येतो तो परवानाच.

याचं ठळक उदाहरण २०२२ मधलं आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांनी सोनीच्या प्लेस्टेशन स्टोअरवरून स्टुडिओकॅनल या कंपनीचे सिनेमे विकत घेतले होते. परवान्याचा करार संपल्यामुळे ३१ ऑगस्ट २०२२ पासून ते सिनेमे ग्राहकांच्या खात्यातून काढले जातील, असं सोनीने कळवलं. सिनेमे भाड्याने नव्हे, विकत घेतलेले होते.

अशा प्रकारांमुळे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना सरसकट 'बाय' असं लिहिता येत नाही. ग्राहकाला मालकी मिळत नसून परवाना मिळतोय, हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं.

मग पेन ड्राइव्हवर कायदेशीरपणे काय घेता येतं?

चार गोष्टी निर्धास्त घेता येतात किंवा निदान विचारात घेता येतात.

१. स्वतः चित्रित केलेलं. बारसं, मुंज, शाळेचं स्नेहसंमेलन, आजीच्या सांगितलेल्या गोष्टी. यात कुणाची परवानगी लागत नाही. लग्नाचं शूटिंग पैसे देऊन करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर सर्वसाधारणपणे त्याचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याकडेच असतो.

२. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे सिनेमे. निर्मात्यानेच 'कॉपी करा, वाटा' अशी मुभा दिलेली असते. ब्लेंडर या मोफत ॲनिमेशन सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थेचे 'बिग बक बनी' (२००८) आणि 'सिंटेल' (२०१०) हे लघुपट असेच आहेत. मूळ निर्मात्याला श्रेय दिलं की झालं.

३. कॉपीराइटची मुदत संपलेले सिनेमे. भारतात सिनेमाचा कॉपीराइट तो प्रदर्शित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं राहतो. हिशोब सोपा आहे. प्रदर्शनाच्या सालात ६१ मिळवा. त्या सालच्या १ जानेवारीपासून सिनेमा मुक्त. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे सिनेमा म्हणून तो १ जानेवारी २०१४ पासून मुक्त झाला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आणि प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) यांची मुदत त्याआधीच संपली आहे.

यात एक मेख आहे. पटकथा आणि गाणी यांचे हक्क वेगळे असतात आणि ते लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. 'श्यामची आई'चे दिग्दर्शक आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले. त्यामुळे असा जुना सिनेमा घरी बघणं आणि त्यातली गाणी कापून आपल्या चॅनेलवर टाकणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

दुसरी मेख सिनेमा कुठून घेतला याची. मुक्त सिनेमा यूट्यूबवर असला, तरी यूट्यूबच्या अटींनुसार तिथून परस्पर फाइल उतरवून घ्यायला मनाई आहे. इंटरनेट आर्काइव्ह किंवा विकिमीडिया कॉमन्सवर मात्र फाइल डाउनलोड करायची सोय असते. इंटरनेट आर्काइव्हवर कुणीही फाइल चढवू शकतं, म्हणून तिथेही सिनेमाचं साल बघून घ्यावं.

४. घरातल्या विकत घेतलेल्या सीडी-डीव्हीडी. अनेक मराठी घरांसाठी हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कपाटातल्या व्हीसीडीचं काय करायचं?

२००० नंतरच्या दशकात मराठी सिनेमे आणि नाटकं व्हीसीडीवर मोठ्या प्रमाणावर विकली गेली. एका डिस्कवर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावायची, म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन डिस्क असायच्या. यातली प्रत्येक गोष्ट आज ओटीटीवर मिळेलच असं नाही. त्यात नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची सोयच नसते. बुरशी आणि ओरखडे आपलं काम करतच असतात.

व्हीसीडीची प्रत घेणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, कारण तिला डीव्हीडीसारखं कुलूप नसतं. सीडी ड्राइव्ह असलेल्या कॉम्प्युटरवर डिस्क उघडली की 'एमपेगएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो. त्यातली मोठी 'डॅट' फाइल म्हणजेच सिनेमा. ती कॉपी करून व्हीएलसी या मोफत प्लेअरवर चालवता येते. चित्र मुळातच ३५२ गुणिले २८८ पिक्सेलचं असतं, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणार. ती कॉपीची चूक नव्हे.

डीव्हीडीचं वेगळं आहे. विकत मिळणाऱ्या बऱ्याच डीव्हीडींना 'सीएसएस' नावाचं कुलूप असतं आणि तिथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

भारतीय कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. २०१२ मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीतली दोन कलमं इथे लागू पडतात.

कलम ५२ नुसार खासगी किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेला 'रास्त वापर' उल्लंघन ठरत नाही. २०१२ पूर्वी ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरती होती. दुरुस्तीनंतर संगणक प्रोग्रॅम वगळता कुठल्याही कृतीला ती मिळते, म्हणजे सिनेमालाही. अशा कारणासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणंही उल्लंघन नाही, असं त्यात म्हटलं आहे. स्वतःच्या डिस्कची एक प्रत घरी बघण्यासाठी ठेवणाऱ्याला आधार आहे तो याच कलमाचा. मात्र 'रास्त' म्हणजे किती याचं माप कायद्यात दिलेलं नाही. वाद झाला तर ते न्यायालय ठरवतं.

कलम ६५-अ कुलूप तोडण्याबद्दल आहे. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. डीव्हीडीची वैयक्तिक प्रत आणि विकण्यासाठी काढलेल्या शंभर प्रती यांतला फरक तिथेच पडतो. ओटीटीचं कुलूप तोडणाऱ्याकडे तर विकत घेतलेली प्रतही नसते आणि त्याने ॲपच्या अटीही मोडलेल्या असतात.

परदेशातल्या मराठी मंडळींनी तिथला कायदा बघावा. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार डीव्हीडी स्वतःची असली, तरी काही ठरावीक अपवाद सोडता तिचं कुलूप तोडायला मनाई आहे. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये खासगी प्रतीला परवानगी दिली होती, पण जुलै २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मित्राला दिला तर? सोसायटीत दाखवला तर?

इथे 'वैयक्तिक' हा शब्द संपतो. मित्रांना प्रती काढून वाटणं, टेलिग्रामवर टाकणं किंवा तिथून नवा सिनेमा उतरवून घेणं यांना कलम ५२ चा आधार मिळणं अवघड. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

गणेशोत्सवात सोसायटीच्या पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवणं हेही जाहीर प्रदर्शन आहे. तिकीट नसलं तरी हक्कधारकाची परवानगी लागते.

फाइल कायदेशीर आहे, तरी टीव्हीवर का चालत नाही?

इथे कायद्याचा संबंध नसतो. बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक कारण निघतं.

फाइल कॉपीच होत नाही: पेन ड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, मग ६० जीबी जागा मोकळी का असेना. दोन तासांचा फुल एचडी सिनेमा साधारण ४.५ जीबीचा होऊ शकतो, म्हणजे नेमका तिथेच अडतो. उपाय म्हणजे ड्राइव्ह 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करणं. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे ते चालतं. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी डेटा दुसरीकडे काढून घ्यावा. फार जुने टीव्ही फक्त फॅट३२ ओळखतात. तिथे फाइलच लहान करावी लागते.

चित्र दिसतं, आवाज येत नाही: फाइलमधला आवाज डीटीएससारख्या पद्धतीचा असतो आणि टीव्हीला तो वाचता येत नाही. एमपी४ फाइल, त्यात एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज ही जोडी जवळपास सगळीकडे चालते. 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरने तसं रूपांतर करता येतं. व्हीसीडीच्या डॅट फाइलसाठीही ते उपयोगी पडतं.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात: सबटायटलची 'एसआरटी' फाइल 'यूटीएफ-८'मध्ये सेव्ह करावी आणि तिचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवावं. तरीही चौकोन दिसले, तर टीव्हीमध्ये देवनागरी फॉन्टच नाही असं समजावं.

हार्ड डिस्क टकटक करते, पण सुरू होत नाही: टीव्हीच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून तिला पुरेशी वीज मिळत नसण्याची शक्यता असते. पेन ड्राइव्हला कमी वीज लागते, त्यामुळे तो वापरून बघावा.

ड्राइव्ह घेताना काय बघावं?

६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर कॉम्प्युटर ५९ जीबीच्या आसपास जागा दाखवतो. ती फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींमधला फरक आहे. काहीशे रुपयांत 'दोन टीबी'चा पेन ड्राइव्ह मिळत असेल, तर मात्र ती फसवणूक समजावी. असे ड्राइव्ह आकडा मोठा दाखवतात, पण खरी जागा भरल्यावर आधीच्याच फाइल खराब करत जातात.

कॉपी झाल्यावर ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढावा. पेन ड्राइव्ह हा नेण्या-आणण्यासाठी आहे, कायमच्या जतनासाठी नाही. जे पुन्हा मिळणार नाही, ते किमान दोन वेगळ्या ड्राइव्हवर असावं आणि वर्षातून एकदा उघडून बघावं. ओटीटीवरचा सिनेमा आज गेला तर उद्या दुसऱ्या ॲपवर येईलही. कपाटातली नाटकाची व्हीसीडी किंवा घरच्या लग्नाची डिस्क एकदा वाचता येईनाशी झाली, की ती परत मिळवून देणारं ॲप नाही. प्रती काढायची सुरुवात तिथूनच करावी.