दोन अक्षरं गळाली की…

अंबड एमआयडीसी म्हटलं की नाशिककरांना कारखाने आणि शिफ्टच्या बसेस आठवतात. त्याच वसाहतीत दातार कॅन्सर जेनेटिक्सची प्रयोगशाळा आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी रक्तात हुडकणाऱ्या त्यांच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. ही मंजुरी नव्हे, पण नाशिकसाठी अभिमानाची गोष्ट नक्कीच!

अंडाशयाच्या कॅन्सरची एक खूण तर गाठ होण्याच्या कितीतरी आधी, जन्मापासूनच रक्तात असू शकते. ती म्हणजे ब्राका नावाच्या जनुकांतला बिघाड. ब्राका-1 सतराव्या गुणसूत्रावर, ब्राका-2 तेराव्या. काम दोघांचं एकच: तुटलेल्या डीएनएला रफू करायचं.

ब्राका-1 मधल्या एका प्रसिद्ध बिघाडात फक्त दोन अक्षरं गळतात, ए आणि जी. एवढ्यानं 1863 अमिनो आम्लांचं प्रथिन चाळिशीच्या आतच खुंटतं! ज्यू कुटुंबांमुळे गाजलेला हा बदल भारतीय घरांतही सापडला आहे.

ब्राका-1 बिघडलेल्या 100 बायकांपैकी साधारण 40 ते 45 जणींना 80 वर्षांपर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होतो; ब्राका-2 बिघडलेलं असेल तर 15 ते 20 जणींना. आणि यातल्या बऱ्याच गाठींची सुरुवात अंडाशयात नव्हे, बीजनलिकेत होते.

अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेनं रक्तात मोजलं जाणारं सीए-125 हे प्रथिन वाढलं की घरात धसका बसतो. पण पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस, अगदी पाळीतही ते वाढतं. जनुकातला बदल असा महिन्यागणिक हलत नाही. शिवाय तो औषधही सुचवतो: 2014 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ओलापॅरिब रफू न जमणाऱ्या पेशींनाच गाठतं.

अडचण एकच. कधी जनुक-चाचणीच्या रिपोर्टवर सापडलेल्या बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो, कारण आपल्या लोकांची जनुकीय माहिती जगाच्या साठ्यात तोकडी. 10,000 भारतीयांचे जीनोम वाचणारा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प म्हणूनच मोलाचा.

डॉक्टर ‘घरात कुणाला होता का?’ विचारतात तेव्हा आपण आई, मावशी, आजी सांगतो. आत्या राहूनच जाते! हा बदल वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. एकीत बदल नेमका सापडला की बाकीच्या भावंडांत तेवढीच जागा तपासायची. ज्या बहिणीत तो नाही, तिचा धोका सहसा चारचौघींइतकाच.