मार्चअखेर आणि उन्हाळ कांदा

होळीची राख निवली की आमच्या घरात दरवर्षी एक प्रश्न निघतो : "वर्षाचा कांदा कधी भरायचा?" प्रश्न सौभाग्यवतींचा, उत्तराची जबाबदारी माझी. नोकरीतली काही वर्षे मी निफाड तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत पीककर्जे वाटण्यात आणि वसूल करण्यात घालवली. त्यामुळे कांद्यातले मला कळते, असा घरात समज आहे. तो अगदीच खोटा नाही. पण जे कळले ते उशिरा कळले, आणि त्याची फी दुसऱ्याच माणसाने भरली.

फाल्गुन-चैत्रात बाजारात दोन कांदे एकमेकांना भेटतात. एक जाणारा, एक येणारा. जाणारा तो रांगडा. पावसाळा सरता सरता लावलेला, जानेवारी ते मार्चमध्ये निघणारा, लालभडक आणि रसरशीत. याच्या अंगात पाणी फार, म्हणून टिकाऊपणा कमी. निघाला की विकावा लागतो. येणारा तो उन्हाळ कांदा. पुण्याकडे त्याला गरवा म्हणतात. थंडीत लावलेला, मार्चअखेरीपासून मे महिन्यापर्यंत निघणारा, फिकट विटकरी रंगाचा, घट्ट पत्तीचा. नीट सुकवून चाळीत ठेवला तर दिवाळीपर्यंत साथ देतो. पावसाळ्याचे चार महिने आपल्या पोह्यांत आणि भज्यांत पडतो तो बहुतेक हाच.

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत या दिवसांत सकाळी एकदा उभे राहून पाहावे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या आणि पिकअप गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. लिलाव पुकारणारा पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका मागे. कुणी ट्रॉलीत हात घालून चार कांदे वर काढतो, मान दाबतो, पत्ती चोळून पाहतो. बोली सुरू होते आणि आपल्याला नीट कळायच्या आत संपतेही. पाच महिन्यांच्या मेहनतीचा निकाल मिनिटभरात लागतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. त्यानंतर माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे ट्रॉली रिकामी करताना तळाला ओला माल, गोल्टी किंवा डेंगळे जास्त निघाले तर 'वांधा' होतो, म्हणजे ठरलेला भाव खाली येतो. एकाच दिवशी, एकाच आवारात एका ट्रॉलीचा भाव दुसरीच्या दुप्पट असतो, त्यामागे हेच कारण असते. वर्तमानपत्रात येतो तो सरासरी भाव. सरासरी कांदा मात्र कुणाच्याच शेतात पिकत नाही.

आता माझी गोष्ट. १९८०च्या दशकाच्या अखेरीची. खरिपाच्या पीककर्जाची मुदत ३१ मार्चला संपायची. त्या दिवशीचे वसुलीचे आकडे वर जात आणि त्यावर शाखेची इभ्रत ठरे. मी तिशीच्या आतला, उत्साही अधिकारी. मोटारसायकल काढून वस्त्यांवर फिरायचा. एका वयस्कर शेतकऱ्याचे कर्ज राहिले होते. पावसाने खरीप गेलेले. आता सगळा भरवसा दोन एकर उन्हाळ कांद्यावर. मी बांधावर उभा राहिलो तेव्हा पात हिरवीगार होती.

"बाबा, या आठवड्यात भरणा करा. जुने खाते नीट झाले की नवे कर्ज लगेच करून देतो," मी म्हणालो.

"साहेब, माना अजून पडल्या नाही. पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवस माझ्या हातात नाहीत."

ते खरेच होते. शिवाय मार्चअखेरीला हिशेबासाठी व्यापारीही काही दिवस लिलाव बंद ठेवतात. ही रीत आजही चालू आहे. म्हणजे बँकेची तारीख ३१ ची, आणि बाजार त्याआधीच बंद. म्हाताऱ्याने चार दिवसांत कांदा उपटला.

निम्म्याअधिक माना आपोआप पडल्या की कांदा तयार झाला असे समजतात. मग उपटून पातीसकट शेतातच तीन-चार दिवस सुकवायचा, थोडी मान ठेवून पात कापायची, सावलीत पुन्हा सुकवायचा. या सुकण्यात मानेचे तोंड मिटते आणि पत्तीचे चिलखत चढते. यांतले काहीही न झालेला तो कांदा जाड मानेचा, ओला होता. चाळीत ठेवण्याजोगा नव्हताच. मिळेल त्या भावाला गेला. पट्टीचे पैसे घेऊन म्हातारा थेट शाखेत आला आणि भरणा करून गेला. वसुलीबद्दल मला शाबासकी मिळाली.

त्या वर्षी पावसाळ्यात कांदा चढला. ज्यांच्या चाळी भरलेल्या होत्या त्यांनी चांगले पैसे पाहिले. दिवाळीच्या सुमारास तो म्हातारा शाखेत आला. रागावलेला नव्हता. बाकावर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "साहेब, एक विचारू? ही तुमची तारीख ठरवली कुणी?" मी नियमांचे नाव सांगितले. त्याने मान हलवली. त्याचे समाधान झाले नाही हे मला दिसले. माझेही झाले नव्हते.

मग एकदा बँकेच्या सवयीने मी चाळीचाही हिशेब मांडून पाहिला. वाचकांनीही मांडून पाहावा. समजा, शंभर क्विंटल कांदा आहे आणि एप्रिलमध्ये हजाराचा भाव आहे. आज विकला तर लाख रुपये. चाळीत ठेवला तर चार-पाच महिन्यांत वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब येतात. ही तूट सर्वसाधारणपणे तीस ते चाळीस टक्के धरतात. पस्तीस धरली तर उरला पासष्ट क्विंटल. त्याचे नुसते लाख रुपये यायला भाव १५४० च्या आसपास हवा. चाळीचा खर्च, निवडणीची मजुरी आणि व्याज वेगळेच. म्हणजे भाव दीडपट होतो तेव्हा आपण पिशवी घेऊन "कांदा कडाडला" म्हणतो, आणि शेतकऱ्याचे तेव्हा मुद्दलदेखील सुटलेले नसते.

नेमक्या याच वेळी दिल्लीला जाग येते. त्यालाही कारण आहे. १९९८ मध्ये कांदा महागला आणि त्या वर्षीच्या दिल्ली-राजस्थानच्या निवडणुकांत सत्तेवरच्या पक्षाच्या डोळ्यांत पाणी आले. तो धडा कुणी विसरलेले नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली. म्हणजे रांगड्याचा अख्खा हंगाम आणि उन्हाळचा पहिला महिना बंदीतच गेला. बंदीनंतर राहिलेले निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेले. उलट भाव कोसळतात तेव्हाची तऱ्हा पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला रुपया भाव. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हाती दोन रुपयांचा धनादेश. माल हलका होता, असे व्यापाऱ्याचे म्हणणे पडले. असेलही. पण हलका माल पिकवायलाही रोप, खत आणि पाणी तेवढेच लागते. पुढे सरकारने त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले.

ग्राहकाने महागच घ्यावे, असे मी म्हणत नाही. पेन्शनवर घर चालवणाऱ्याला ते परवडतही नाही. पण चैत्रात कांदा स्वस्त असतो तेव्हा तो कुणाच्या तरी घाईमुळेही स्वस्त असतो, एवढे लक्षात असावे.

तर, वर्षाचा कांदा कधी भरायचा? एप्रिलचा पहिला पंधरवडा जाऊ द्यावा. मध्यम आकाराचा, बारीक मिटलेल्या मानेचा, हातात घेतला की पत्ती खुळखुळणारा घ्यावा. जोड कांदा आणि डेंगळा नको. अवकाळीत भिजलेला तर मुळीच नको. घरी हवेशीर जागी पातळ पसरावा, प्लॅस्टिकने झाकू नये, आणि पंधरा दिवसांनी एकदा चाळावा.

आमच्याकडे कांदा आला की सौभाग्यवती गोणपाटावर दोन ढीग करतात. बारीक मानेचे ठेवणीला, जाड मानेचे आधी संपवायला. निवडायला मीही बसतो. जाड मानेचा, हिरवट कांदा हाताला लागला की मी तो लगेच ढिगात टाकत नाही. कुणाला तरी पंधरा दिवस मिळाले नाहीत, हे मला त्या मानेवरून कळते. "अहो, बघत काय बसलात? टाका तिकडे," त्या म्हणतात. मी टाकतो.