ज्या गुंत्याला सुरी लागत नाही

माहीमच्या वीर सावरकर मार्गावरील हिंदुजा रुग्णालयात १९९७ मध्ये ‘गॅमा नाइफ’ हे यंत्र आले आणि मेंदूतील ज्या विकृत रक्तवाहिन्यांपर्यंत सुरी सुरक्षितपणे पोहोचत नाही, त्यांपैकी लहान विकृतींवर किरणांनी उपचार करण्याची सोय मुंबईत झाली. डॉक्टर ज्याला ‘एव्हीएम’ आणि नातेवाईक ‘डोक्यातली नस’ म्हणतात, त्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात धमनीतील रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून न झिरपता थेट शिरेत घुसते, पातळ भिंतीच्या शिरेला धमनीचा दाब सोसावा लागतो आणि वर्षाला साधारण २ ते ४ टक्के रुग्णांत रक्तस्राव होतो.

उपचाराच्या दिवशी कवटीला चार स्क्रूंनी धातूची चौकट बसवली जाते, एमआरआय आणि अँजिओग्राफी होते. अवघड काम त्यानंतर संगणकासमोर सुरू होते, कारण न्यूरोसर्जन आणि वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ यांना गुंत्याच्या गाभ्याची कड प्रतिमेवर आखायची असते. ती आत राहिली तर विकृती शिल्लक उरते, बाहेर सरकली तर वाचा किंवा दृष्टी सांभाळणारा निरोगी भाग होरपळतो. कोबाल्ट-६० चे सुमारे २०० क्षीण किरण त्या कडेच्या आतच एकत्र येतात. गुंता बुजायला मात्र २ ते ३ वर्षे लागतात, तोवर धोका कायम असतो. आणि सुमारे ३ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गुंत्याला पुरेशी मात्रा देणे कठीण जाते.

औषधाची आशा लागते ती अशा मोठ्या गुंत्याच्या रुग्णांना. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२ पैकी ४५ रुग्णांच्या विकृत ऊतींत ‘के-रास’ या जनुकाचे, पेशीला सतत वाढीचा आदेश देणारे उत्परिवर्तन आढळले. या जनुकाचा संदेश पुढे नेणाऱ्या ‘मेक’ या प्रथिनाला रोखणारे ट्रॅमेटिनिब हे औषध त्वचेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१३ पासून मान्य आहे. ‘मेक’ रोखल्यावर झेब्रा माशांतील विकृती निवळल्याचेही दिसले, आणि त्यानंतर माणसांवरील प्रयोगांना बळ मिळाले. पण भौतिकतज्ज्ञ आखतो तशी कड गोळीला नसते. ती सगळ्या शरीरात जाते, अंगावर पुरळ उठवते, हृदयाची ताकद कमी करू शकते, आणि तिच्या माहितीपत्रकात रक्तस्रावाचाही इशारा आहे, जो या रुग्णांच्या बाबतीत किरकोळ म्हणता येणार नाही. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हासिझुमॅब हे दुसरे औषध अमेरिकेत याच विकाराच्या दोन रुग्णांना १२ आठवडे दिले गेले. गुंता लहान झाला नाही.

७२ पैकी ४५ हा आकडा औषधाच्या बाजूने वारंवार मांडला जातो, परंतु त्या ७२ जणांच्या ऊती तपासता आल्या त्या शस्त्रक्रियेत बाहेर काढल्या म्हणून. ज्यांची शस्त्रक्रिया होऊच शकत नाही त्यांच्यात हेच प्रमाण असेल असे गृहीत धरणे घाईचे ठरेल, आणि रक्ततपासणीनेही ते कळत नाही. याच अभ्यासात तपासलेल्या २१ रक्तनमुन्यांपैकी एकातही हे उत्परिवर्तन नव्हते, कारण ते जन्मतः सर्व पेशींत नसून त्या गुंत्यापुरतेच असते. म्हणूनच मांडीतून कॅथेटर नेऊन वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या मोजक्या पेशी खरवडून आणण्याचे प्रयोग काही संशोधक करत आहेत. औषध कोणाला द्यायचे, हे ठरवायला आधी त्या पेशी हाती याव्या लागतील.