लेखनाचा नमुना आणि डोळ्यांसमोरचे गाव

पटकथालेखनाचे रीतसर शिक्षण घ्यावे, ही आकांक्षा आता ताथवड्यासारख्या ठिकाणच्या वसतिगृहांतूनही ऐकू येऊ लागली आहे. परदेशांतील अनेक विद्यापीठे अशा अभ्यासक्रमासाठी अर्जासोबत स्वतःच्या लेखनाचा नमुना मागतात. पुण्याच्या चित्रपट संस्थेत लेखी परीक्षा व मुलाखत यांतून तीच पारख होते. गुणपत्रिका येथे फारशी उपयोगी पडत नाही. उमेदवाराची खरी ओळख पटते ती त्याने लिहिलेल्या मोजक्या पानांवरून.

ही पाने आमचे विद्यार्थी कशी भरतात? ताथवड्यात राहणारा मुलगा न्यूयॉर्कमधील गुप्तहेराची कथा लिहितो, नाही तर मुंबईच्या गुन्हेगारी जगताची. यांपैकी एकही त्याने पाहिलेले नसते. पाहिलेले असतात ते त्यांच्यावरचे चित्रपट. आपले जगणे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही, हा समज त्याच्या मनात कोणी रुजवला, याचा विचार पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनीही करावयास हवा.

पटकथा म्हणजे संवादांनी भरलेली कथा नव्हे. जे दिसते आणि जे ऐकू येते, तेवढेच तीत वर्तमानकाळात लिहावयाचे असते; साधारणपणे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट. ‘काम सुटल्याने तो खचला होता,’ हे वाक्य कथेत चालेल, पण कॅमेऱ्याला ते दिसणार नाही. त्याऐवजी असे लिहावे : कंत्राट संपलेला कामगार नेहमीच्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडतो. कंपनीची बस समोरून जाते, तो चढत नाही. दुपारी डांगे चौकाच्या पलीकडे एका झाडाखाली बसून तो डबा उघडतो. संध्याकाळी बायको विचारते, “डबा पुरला का?” तो म्हणतो, “हो, आज काम जास्त होतं.” एवढ्यात सारे येऊन जाते. हा प्रसंग लिहिण्यास सातासमुद्रापलीकडे जावे लागत नाही. शेजारच्या घराकडे लक्ष असावे लागते.

आपली परंपराही हेच सांगते. १९६० साली ही चित्रपट संस्था ज्या जागेत सुरू झाली, तेथे पूर्वी ‘प्रभात’चा स्टुडिओ होता. त्याच ‘प्रभात’ने १९३७ साली ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. वृद्धाशी लावलेले लग्न नाकारणारी त्यातील नीरा मराठी घरातूनच आली होती. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘अर्धसत्य’ १९८३ साली आला. मूळ कथा आणि चित्रपट शेजारी ठेवून काय गळले, काय वाढले, हे तपासणे हा उमेदवारासाठी उत्तम अभ्यास ठरेल. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगरमध्ये शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका वंचित मुलाची ती गोष्ट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोहोचली.

ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एकीकडे नृसिंहाचे जुने देऊळ आणि सरकारी वळू-माता प्रक्षेत्र, दुसरीकडे उंच इमारती, महाविद्यालये आणि हिंजवडीकडे जाणारी वाहनांची रांग. जमीन विकलेला शेतकरी, परप्रांतातून आलेला गवंडी, कर्ज काढून शिकणारी मुलगी यांची नित्य गाठ पडते ती येथेच. इतके नाट्य हाताशी असता उसन्या कथानकांच्या मागे धावणे, म्हणजे काखेत कळसा असून गावाला वळसा घालणेच होय.

अडचण भाषेचीही आहे. प्रवेशाचा व्यवहार मुख्यतः इंग्रजी-हिंदीतून चालतो आणि मराठी माध्यमातील मुलगा तेथेच बिचकतो. त्याने पहिला खर्डा निःसंकोच मराठीत करावा. पाहिलेले नेमकेपणाने मांडता आले, की ते दुसऱ्या भाषेत नेणे हे कष्टाचे काम उरते, अशक्य नव्हे. आधीच परक्या भाषेत विचार केला, तर मात्र वाक्ये शुद्ध उतरतात आणि माणसे निर्जीव.

शाळा-महाविद्यालयांतील मराठीच्या तासाला ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधाच्या जोडीला एखादा पाहिलेला प्रसंग दृश्यरूपाने लिहून घ्यावयास काय हरकत आहे? सारेच विद्यार्थी पटकथाकार होणार नाहीत. परंतु आपल्या गल्लीकडे नीट पाहण्याची सवय त्यांना लागेल, आणि एखाद्याने पुढे अर्ज केलाच, तर त्याच्या पानांवर त्याचे स्वतःचे गाव असेल.