शुभमंगल सावधान... पण आवाज मागाहून!

आई-बाबांच्या लग्नाला २०२४ च्या मे महिन्यात तीस वर्षं झाली. केक, हॉटेल, गिफ्ट हे सगळं ठरलेलंच होतं, पण मला काहीतरी हटके करायचं होतं. माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्याखाली एक व्हीएचएस कॅसेट सापडली. लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं, 'शुभविवाह, सांगली, १९९४'. ठरलं तर! ही डिजिटल करायची आणि पार्टीत मोठ्या टीव्हीवर लावायची. दोन दिवसांचं काम. (हसू नका. मासकॉमला मला एडिटिंगचा पेपर होता, त्यामुळे कॉन्फिडन्स जरा जास्तच होता.)

तीन तासांच्या कॅसेटमध्ये दोन तास पंगत आणि हॅलोजनच्या उजेडात डोळे मिचकावणारे नातेवाईक. वर हिंदी गाणी चिकटवलेली आणि बदामाच्या आकारात गोल फिरणारे आई-बाबा. पण मधली चार मिनिटं त्या व्हिडिओवाल्याने गाण्याविना सोडली होती. त्यात बाबांची आई, म्हणजे माझी आजी, स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणते. आजी २०११ मध्ये गेली. मंगलाष्टकांचा कागद घर बदलताना हरवला. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच रेकॉर्ड केलेला नाही.

घरी व्हीसीआर नाही, म्हणून कॅसेट एका दुकानात दिली. आठवड्याने पेन ड्राइव्ह मिळाला. लावला, तर सगळं वऱ्हाड जाडं! अक्षता टाकणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटलेले. आणि आजीचे ओठ मिटल्यावर दीड सेकंदाने तिचं 'सावधान' ऐकू येतंय. बाबांनी दोन मिनिटं बघितलं, "राहू दे गं, आवाज तरी आहे ना," म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला गेले. बाबा 'राहू दे' म्हणतात, तेव्हा राहू द्यायचं नसतं.

मग मी तो महान गाढवपणा केला, जो आपण सगळेच करतो. तीच फाइल कन्व्हर्ट केली. जमलं नाही, म्हणून कन्व्हर्ट झालेली परत कन्व्हर्ट केली. चौथ्या वेळी आजीच्या चेहऱ्याचे चौकोनी ठोकळे झाले होते. फंडा सिंपल आहे. व्हिडिओ कॉम्प्रेस करणं म्हणजे डोळ्यांना फारशी जाणवणार नाही अशी माहिती फेकून देणं. फेकलेली परत येत नाही आणि दर खेपेला आणखी थोडी जाते. दुकानाची फाइल ७०० एमबीची होती. तीन तासांना भागून बघा, चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जेमतेम अर्धा मेगाबिट! चांगल्या डीव्हीडीवर एका सेकंदाला याच्या आठ-दहापट माहिती असते. अशा फाइलमधून मी काय कपाळ सुधारणार?

म्हणजे परत कॅसेटकडे. पण व्हीसीआर आणायचा कुठून? फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं बंद केलं, आणि बनवणारी तीच शेवटची होती. शेवटी मैत्रिणीच्या मामांकडे डोंबिवलीला एक चालू मशीन निघालं. लोकलमध्ये ते मांडीवर घेऊन बसले, तर शेजारच्या काकूंनी "हे अजून मिळतं?" विचारलं. कॅसेटवर पांढरी बुरशी नाही ना, हे आधी झाकण उघडून बघितलं. बुरशीची कॅसेट घातली तर मशीनचा हेडही खराब होतो. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवली, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप मोकळी व्हावी म्हणून.

आता तो आवाजाचा लोच्या, ज्यात माझे तीन रविवार गेले. आवाज मागे-पुढे होत असेल, तर सुरुवात, मधला भाग आणि शेवट अशा तीन ठिकाणी बघा. तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर मजा आहे. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ सुटा करून सरकवायचा, संपलं. फरक हळूहळू वाढत असेल तर फ्रेम रेटची गडबड. मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओत हे फार होतं, कारण फोन फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतो. एडिटिंगआधीच हॅण्डब्रेकमध्ये 'कॉन्स्टण्ट फ्रेमरेट' निवडून कन्व्हर्ट केलं की सुटका. पण फरक उड्या मारत वाढत असेल, तर कॅप्चर करतानाच फ्रेम गळल्यात. टेप जिथे खराब, तिथे सिग्नल डळमळतो, चित्राच्या फ्रेम सुटतात आणि आवाज मात्र नोंदवला जातो. आमचं दुखणं हेच होतं. उपाय? व्हीसीआर आणि कॅप्चर कार्डच्या मध्ये मामांचाच जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. काही रेकॉर्डर आतून जाणारा सिग्नल सरळ करतात. आमचं नशीब चांगलं होतं.

यावेळी काहीही न फेकणाऱ्या फॉरमॅटमध्ये कॅप्चर केलं. शंभर जीबीच्या आसपास गेले, जाऊ देत! ही मूळ प्रत. तिला हात लावायचा नाही, जे काही करायचं ते तिच्यावरून नवीन कॉपी काढून. कंगव्याचे दात म्हणजे जुन्या टीव्हीची पद्धत, एका सेकंदात २५ चित्रं, प्रत्येकातल्या एकाआड एक रेषा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. डीइंटरलेस केलं की जातात. आणि वऱ्हाड जाडं झालं कारण ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलेलं. प्रमाण दुरुस्त केलं, मावशीचं वजन क्षणात उतरलं.

पार्टीच्या दुपारी शेवटचा ड्रामा. फाइल झाली पाच जीबीची, आणि पेन ड्राइव्ह एफएटी३२ वाला, त्यावर चार जीबीच्या वरची फाइल जातच नाही. पंगत कापली (आईची परवानगी न घेता), मूळ प्रतीवरून छोटी फाइल काढली. टीव्हीवर चित्र आलं, आवाज नाही! दादा म्हणाला, "एमकेव्हीचं नाव बदलून एमपी४ कर ना." अरे, बिस्किटांच्या डब्यावर 'बिस्किटं' लिहिलंय म्हणून आतली सुई-दोऱ्याची रिळं गोड होतात का? एमकेव्ही, एमपी४ हे नुसते डबे. आत चित्र आणि आवाज कुठल्या कोडेकमध्ये आहेत, ते महत्त्वाचं. टीव्हीला आमचा पीसीएम ऑडिओ झेपत नव्हता. चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी केला, आणि साडेसहाला घरभर सनई वाजली.

आजी आली. ओठ आणि आवाज बरोबर. बाबांनी काही न बोलता रिमोट मागितला, मागे नेऊन परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आत्या कागद-पेन घेऊन टीव्हीसमोर खाली बसली होती. दुसऱ्या कडव्यात टेप चुरगळलेली आहे, तिथला एक शब्द नीट ऐकू येत नाही. आत्या म्हणते 'साजिरी', बाबा म्हणतात 'गोजिरी'. अजून ठरलेलं नाही.